गुरुवार ते मंगळवार : बडोद्यातल्या एका वस्तीत पटकीची खबर कुठे अडकली

दांडिया बाजार आणि रावपुरा यांच्या मधल्या भागात माझा दवाखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बसतो. आजूबाजूला जुने मराठी वाडे, त्यांना खेटून गुजराती पोळ, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या दाट वस्त्या, मधेमधे वाडा पाडून उभे राहिलेले तीन-चार मजली फ्लॅट. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, मग नळ कोरडे. सयाजीराव महाराजांनी एकोणिसावं शतक संपण्याआधी आजव्याचा तलाव बांधून या शहराला नळाचं पाणी दिलं. पुढे मही नदीवरच्या फ्रेंच विहिरींचं, म्हणजे नदीच्या वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरींचं, पाणीही आलं. पाणी चांगलंच आहे. पण ते घरापर्यंत ज्या नळीतून येतं ती कुठून कशी जाते, हे आपण कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

हे प्रकरण थोड्या वर्षांपूर्वीचं आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वयं आणि घरांचे तपशील बदलले आहेत. वारांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या क्रमातच आहे.

पहिला रुग्ण

ज्येष्ठ संपत आला होता. पहिला मोठा पाऊस पडून चार दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी साडेनऊला पस्तिशीतल्या एका माणसाला त्याच्या भावाने रिक्षातून जवळजवळ उचलूनच आत आणलं. पहाटे तीनपासून जुलाब सुरू होते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटऱ्यांत गोळे येत होते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. नाडी लागत होती, पण अगदी बारीक. त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरकाका, नुसतं पाणी जातंय हो. तांदळाच्या धुवणासारखं."

मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कुणालाही हे वर्णन ऐकून एकच रोग आठवतो : पटकी, म्हणजे कॉलरा. मलाही आठवला, आणि मी तो तिथल्या तिथे बाजूला सारला. आदल्या रात्री हा माणूस लारीवर सेवउसळ खाऊन आला होता. बडोद्यात पोट बिघडलं की पहिला आळ सेवउसळच्या तर्रीवर येतो, तसा मीही घेतला. रिंगर लॅक्टेट या सलाइनच्या दोन बाटल्या भराभर चढवल्या, उलट्या थांबल्यावर डॉक्सिसायक्लिनचा ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला आणि त्याला जवळच्या खासगी रुग्णालयात पाठवलं. रजिस्टरमध्ये नोंद केली : नाव, वय, ॲक्यूट गॅस्ट्रो, फी.

उपचारात चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. पण डॉक्सिसायक्लिन देण्याआधी मी शौचाचा नमुना घेतला नाही. प्रतिजैविक पोटात गेल्यावर जंतू कल्चरमध्ये वाढवून दाखवणं अवघड होतं. रुग्णालयाने दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या नमुन्यात काही उगवलं नाही, आणि 'काही उगवलं नाही' या शब्दांचा आधार घेऊन मी पुढचे दिवस काढले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेची संशयित पटकीची व्याख्या प्रयोगशाळेचा कागद मागत नाही. साथ जाहीर नसलेल्या भागातसुद्धा दोन वर्षांवरच्या कुणालाही पाण्यासारखे जुलाब होऊन तीव्र शोष पडला, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालं, तर तो संशयित रुग्ण. पूर्वी ही वयाची अट पाच वर्षांची होती. कुठल्याही अटीने बघा, संशयित रुग्ण गुरुवारी सकाळी साडेनऊला माझ्या तपासणीच्या टेबलावर होता. मी फोन केला मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी.

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार

शुक्रवारी दोघं आले. सकाळी बारा वर्षांची मुलगी, संध्याकाळी एक निवृत्त मास्तर. मुलीला ओआरएस आणि झिंक देऊन घरी पाठवलं. मास्तरांची अवस्था बघून मात्र मनात चरकलं, म्हणून त्यांचा नमुना औषध देण्याआधी घेतला. हे एक बरं केलं. पण नमुना साध्या प्लास्टिकच्या डबीत गेला. कॅरी-ब्लेअर नावाचं माध्यम असलेली नळी असते, तिच्यात पटकीचे जंतू फ्रीजशिवायही कितीतरी दिवस तग धरतात. कच्चा नमुना दोन तासांत तपासणीला लावावा लागतो. माझ्याकडे तशी नळी नव्हती. लॅबचा मुलगा रात्री नऊला डबी घेऊन गेला आणि नमुना शनिवारी सकाळी लागला. त्यातून जंतू निघाले हे आमचं नशीब.

शनिवारी आणखी दोन. आता मी रजिस्टरचं ते पान परत उघडून बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. एकाच पानावर पाच नावं आहेत, पाचही जुलाब-उलट्यांची, आणि पत्ता एकाचाही नाही. माझ्या रजिस्टरमध्ये पत्त्याचा रकानाच नव्हता. वडिलांच्या वेळेपासून नव्हता, कारण सगळी माणसं ओळखीची. कोण कुठल्या वाड्यात राहतं हे आम्हाला तोंडपाठ. जे तोंडपाठ असतं ते आपण लिहीत नाही, आणि जे लिहिलेलं नसतं ते डोळ्यांपुढे एकत्र येत नाही. मास्तर रस्त्याच्या अंगाला राहतात, मुलीचं घर मागच्या बोळात, पहिला रुग्ण तिसऱ्याच दारातून आत जातो. माझ्या डोक्यात ही तीन वेगळी ठिकाणं होती. जमिनीखाली ती एकाच नळीवर होती.

त्याच दिवशी दुपारी समोरच्या मेडिकलवाल्या भाईंनी सहज सांगितलं, "साहेब, आ अठवाडिये ओआरएस बहु जाय छे." म्हणजे या आठवड्यात ओआरएस फार खपतंय. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या पट्ट्याही खपत होत्या, डॉक्टरकडे न जाता लोक काउंटरवरून नेत होते. मी मान हलवली आणि पुढे गेलो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लवकरची आणि सर्वांत खरी खबर ही होती. ती दुकानाच्या काउंटरवर आली, म्हणून मी तिला खबर मानलं नाही.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर मी आमच्या भागातल्या अर्बन हेल्थ सेंटरच्या मेडिकल ऑफिसरांना मोबाइलवर मेसेज लिहायला घेतला. 'गॅस्ट्रोचे ४-५ रुग्ण, एखादा कॉलरासारखा वाटतो' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. मनात काय आलं ते लिहितो, कारण माझ्यासारख्या पुष्कळांच्या मनात तेच येतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? उगाच घबराट होईल. वस्तीत चर्चा होईल की डॉक्टरकाकांनी मास्तरांच्या घरी पटकी आहे म्हणून सांगितलं. महानगरपालिकेची माणसं दारात उभी राहिली तर घरचे माझ्याकडे परत येतील का? आणि सर्वांत प्रामाणिक कारण म्हणजे, सोमवारपर्यंत नक्की कळेलच, तेव्हा कळवू.

रविवारी दवाखाना बंद होता. लॅबचा जंतू विभाग अर्धा दिवस. सोमवारी पहाटे माई आजारी पडल्या.

माईंचं वय ७३. माझ्या आईची मैत्रीण. मी शाळेतून येताना त्यांच्या ओट्यावर बसून भाकरवडी खाल्लेली आहे. सोमवारी सातला त्यांच्या सुनेचा फोन आला, मी घरी गेलो तेव्हा त्यांचा रक्तदाब मशीनवर येत नव्हता. दुपारपर्यंत लघवी थांबली. दोनदा डायलिसिस करावं लागलं. त्या वाचल्या, पण त्यांची मूत्रपिंडं पूर्वीसारखी राहिली नाहीत. आज त्या महिन्याला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्यायला येतात आणि मला अजूनही 'बाळ' म्हणतात.

मी गुरुवारी कळवलं असतं तर माई आजारी पडल्याच नसत्या का, हे सिद्ध करता येत नाही. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत आजार दिसतो, बहुतेकांना दीड-दोन दिवसांतच. म्हणजे सोमवारी पहाटे आजारी पडलेल्या माणसाने बहुधा शनिवारी-रविवारी ते पाणी प्यायलं. शुक्रवारी पाणी बंद झालं असतं तर... यापुढचं वाक्य मी रोज मनात पुरं करतो, इथे लिहीत नाही.

फोन केल्यावर

मंगळवारी दुपारी मास्तरांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला : व्हिब्रिओ कॉलरी ओ१, ओगावा, म्हणजे पटकीचाच जंतू. तो मला आला आणि मास्तरांच्या मुलाला आला. आरोग्य खात्याला आला नाही. मी लॅबमध्ये फोन करून विचारलं, तुम्ही वर कळवलं का? उत्तर मिळालं की एल फॉर्म आठवड्याचा एकदम भरतो. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. ही जुन्या पद्धतीची सवय आहे. २००४ मध्ये केंद्राने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला तेव्हा आठवड्याचा हिशेबच होता. गावपातळीवरची आरोग्यसेविका लक्षणांवरून एस फॉर्म भरायची, डॉक्टर अंदाजी निदानाचा पी फॉर्म, लॅब एल फॉर्म, आणि सोमवार ते रविवारचे आकडे मिळून वर जायचे. २०२१ पासून आयएचआयपी हे रोगांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल देशभर आलं. त्यात रुग्णागणिक नोंद रोजच्या रोज करता येते. यंत्र रोजचं झालं, हात आठवड्याचेच राहिले. माझा पी फॉर्म तर आठवड्याचाही नव्हता. मी आयुष्यात एकही भरला नव्हता.

एक-दहाला मी हेल्थ सेंटरच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, किती जण आणि राहतात कुठे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना पहिल्यांदा माझ्याच तोंडून सगळी घरं एकापाठोपाठ एक बाहेर पडली आणि माझं मलाच दिसलं. त्या मला रागावल्या नाहीत. "बरं, मी निघते," एवढंच म्हणाल्या.

तीनच्या आत आरोग्यसेविका आणि त्यांच्याबरोबर मलेरिया-पाणी बघणारे एक भाई दवाखान्यात हजर होते. मी त्यांच्याबरोबर गेलो. मास्तरांच्या घरी पिंपातलं पाणी भाईंनी काचेच्या नळीत घेतलं आणि ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं, जितकं क्लोरीन तितकं गडद. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे असा दंडक आहे, साथीच्या वेळी त्याहून जास्त, ०.५ पर्यंत. भाईंनी नळी उजेडात धरली. पाणी होतं तसंच पांढरं. मागच्या बोळातल्या मुलीच्या घरी तेच. माईंच्या घरी तेच. पण दोन वाडे पलीकडे, दुसऱ्या लाइनीवरच्या घरी थेंब टाकले आणि पाणी लिंबाच्या सरबतासारखं झालं. मी ती नळी हातात घेऊन बराच वेळ बघत उभा राहिलो. पाच दिवस मी ज्या पुराव्याची वाट बघत होतो तो इथे अर्ध्या मिनिटात मिळत होता, आणि त्याला कुठली लॅब लागत नव्हती.

संध्याकाळी पाणी बंद झालं, टँकर आला. घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या, २० लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक, गोळी विरघळल्यावर अर्धा तास थांबून प्यायचं. बुधवारी खणल्यावर दिसलं की एका घराची गंजलेली नळजोडणी गटाराच्या चेंबरमधून आडवी गेली होती. पाणी येत असताना दाबामुळे घाण आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं आत ओढलं जातं. पावसाने चेंबर तुंबलेलं होतं. बाकीचं आपोआप झालं.

सेविकाबाईंनी घरोघरी विचारलं तेव्हा माझ्याकडे आलेल्यांशिवाय तितकेच आणखी निघाले. काहींनी घरीच ताक-भात खाऊन निभावलं होतं. काही दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्याकडे तीन जण, आणखी एका दवाखान्यात दोन. आम्हा तिघा डॉक्टरांपैकी कुणालाही साथ दिसली नव्हती, कारण प्रत्येकाच्या वाट्याला तिचा तुकडाच आला होता. आणि एक गोष्ट त्याच दिवशी कळली : वस्तीतल्या एका घराने पाण्याला वास येतो म्हणून गेल्या आठवड्यातच तक्रार नोंदवली होती. तक्रारीची वही एका टेबलावर, आजाऱ्यांची माझ्या टेबलावर, ओआरएसच्या विक्रीची मेडिकलवाल्यांकडे. मंगळवारी दुपारी पहिल्यांदा तिन्ही एकत्र आल्या.

वेळेचा हिशेब

भारतात क्षयरोग कार्यक्रमात काही वर्षं काम केलेले डॉ. टॉम फ्रीडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये साथींसाठी ७-१-७ हे माप मांडलं. साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत लक्षात यावी, लक्षात आल्यावर १ दिवसात आरोग्य यंत्रणेला कळावी, आणि कळल्यावर ७ दिवसांत सुरुवातीची सगळी उपाययोजना उभी राहावी. आमचं प्रकरण या मापावर ठेवलं तर पहिला ७ सहज पार पडतो, पहिला रुग्ण काही तासांतच डॉक्टरपुढे आला होता. शेवटचा ७ तर दोन दिवसांतच आटोपला. सगळा उशीर मधल्या १ मध्ये आहे, आणि तो १ पूर्णपणे माझ्या हातात होता. एरवी बोलताना आपण म्हणतो की सरकारी यंत्रणा ढिली आहे. या प्रकरणात कळल्यानंतर दोन तासांत माणसं दारात होती. न कळलेल्या गोष्टीवर ती काय करणार?

कायदा याबाबत मोघम नाही. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमधून जन्मला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाची गुप्तता पाळण्याच्या नियमातच अपवाद लिहिलेला आहे, संसर्गजन्य आणि कळवण्याजोग्या रोगांची माहिती आरोग्य अधिकाऱ्यांना ताबडतोब द्यावी. 'ताबडतोब' हा शब्द तिथे आहे. 'खात्री झाल्यावर' हे शब्द तिथे नाहीत. शनिवारी रात्री मेसेज पुसताना मास्तरांच्या गुप्ततेचं जे कारण मी स्वतःला दिलं होतं, त्याला आधार नव्हता.

मला एक तुलना सतत आठवते. क्षयरोग कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे. त्यासाठी निक्षय पोर्टल आहे, खासगी डॉक्टरला नोंदीमागे ५०० रुपये मिळतात, आणि नोंद राहिली तर चौकशीचा फोन येतो. मी क्षयरोगाचा एकही रुग्ण कळवायचा ठेवलेला नाही. पोलिओच्या काळात तर सर्वेक्षणाचे डॉक्टर स्वतः रुग्णालयांत आणि दवाखान्यांत जाऊन विचारायचे की अचानक लुळं पडलेलं मूल आलं का. नसलं तर 'शून्य' असं कळवायचं. गप्प बसणं म्हणजे शून्य नव्हे, हे त्या कार्यक्रमाने या देशाला शिकवलं. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि ते आपण छातीठोकपणे सांगू शकतो, ते याच सवयीमुळे. क्षयरोग हळू चालणारा आजार, त्यात दोन दिवसांनी फार बिघडत नाही, तिथे मला विचारणारं माणूस आहे. पटकीत तासांचा हिशेब असतो, तिथे मला कुणी विचारत नव्हतं आणि मीही कुणाला सांगत नव्हतो. हे उलटं आहे आणि ते बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. जुलाब, ताप-पुरळ, घशातला पांढरा पडदा, या तीन गोष्टींसाठी तरी प्रत्येक वॉर्डातल्या खासगी डॉक्टरांना आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, कुणीतरी फोन करून विचारावं. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दवाखान्यात काय बदललं

रजिस्टरमध्ये पत्त्याचा रकाना आला. नुसतं सोसायटीचं नाव नाही, बोळ आणि मजलासुद्धा. ड्रॉवरमध्ये कॅरी-ब्लेअरच्या चार नळ्या असतात, मुदत संपली की बदलतो. मोठ्या माणसाला सलाइन लावण्याइतका शोष पडलेला दिसला की पहिल्याच रुग्णाच्या वेळी हेल्थ सेंटरला फोन जातो, आणि साध्या जुलाबाचे एकाच भागातले दोन आले की दुसऱ्याच्या वेळी. आसपासच्या पाच-सहा डॉक्टरांचा व्हॉट्सॲप गट केला, त्यात मेडिकलवाले भाईही आहेत. गटात गप्पा नाहीत, फक्त 'आज दोन, अमुक बोळ' एवढंच.

यातले कितीतरी फोन फुकट जातात. गेल्या आषाढात एकाच घरातल्या तिघांना जुलाब झाले, मी कळवलं. सेविकाबाई भर पावसात छत्री सावरत आल्या. घरात चौकशी केली तर आदल्या दिवशीचं बाहेर राहिलेलं श्रीखंड तिघांनी खाल्लं होतं आणि ज्याने खाल्लं नाही तो ठणठणीत होता. नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, पिवळं झालं. मी ओशाळून म्हणालो, "बाई, उगाच तुम्हाला पावसात बोलावलं."

"नाही हो, डॉक्टरसाहेब. पिवळं दिसलं की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. मग माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, पदराच्या टोकाने बोट पुसलं आणि पत्त्याच्या रकान्यावरून ते वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं.